आपला तो बाळ्या : अमेरिकन सिनेट आणि जजच्या सुनावण्या

कोकमसार
शनिवारी आमच्याकडे चार घरं जेवायला होती. मिसळ संपेपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं आणि मग कुणीतरी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा विषय काढला (तिथे अध्यक्ष जजचं नाव देतात आणि सिनेट सुनावणी घेऊन मतदानाने पास करतं किंवा पाडतं). एक दादा म्हणाले ओबामांच्या मेरिक गार्लंडची खुर्ची रिपब्लिकनांनी दिवसाढवळ्या ढापली. दुसरे म्हणाले आणि रेगनच्या बोर्कचं तुम्ही डेमोक्रॅटांनी काय केलंत. मग पहिले म्हणाले कॅव्हनॉ (ट्रम्पचे २०१८ चे उमेदवार), दुसरे म्हणाले अहो मीही तेच म्हणतोय, कॅव्हनॉ! पुढचा पाऊण तास दोघं एकच नाव घेऊन एकमेकांच्या विरुद्ध गोष्टी सिद्ध करत होते. बायका (मी धरून) ताकाचे ग्लास घेऊन टेनिस बघतात तशा माना फिरवत होत्या.

झोपायच्या आधी डोक्यात तेच, म्हणून तारखा काढून बघितल्या. ज्यांना माहीत आहेत त्यांनी हा परिच्छेद सोडा. १३ फेब्रुवारी २०१६ ला जस्टिस स्कॅलिया वारले, ओबामांचे अजून अकरा महिने शिल्लक. त्याच दिवशी सिनेटमधले बहुमताचे, म्हणजे रिपब्लिकनांचे, नेते मिच मॅकॉनेल यांनी जाहीर केलं की निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या, नवा अध्यक्ष येईपर्यंत ही जागा भरायची नाही. गार्लंडचं नाव मार्चमध्ये गेलं आणि २९३ दिवस तसंच पडून राहिलं, सुनावणी नाही, मतदान नाही, काहीच नाही. मग १८ सप्टेंबर २०२० ला जस्टिस गिन्सबर्ग गेल्या. निवडणुकीला ४६ दिवस, काही राज्यांत तर मतदान सुरूही झालेलं. त्याच संध्याकाळी त्याच मॅकॉनेलनी सांगितलं की ट्रम्प जे नाव देतील त्यावर मतदान होणार. एमी कोनी बॅरेट यांचं नाव आल्यापासून बरोबर तीस दिवसांत, २६ ऑक्टोबरला, ५२-४८ ने काम फत्ते. निवडणूक आठ दिवसांवर.

आणि सगळ्यात भारी रिपब्लिकन सिनेटर लिंडसी ग्रॅहम. त्यांनी २०१६ मध्ये सिनेटच्या न्याय समितीत (सुनावणी तिथेच होते) बसून म्हटलं होतं की उद्या रिपब्लिकन अध्यक्ष असेल आणि शेवटच्या वर्षात जागा रिकामी झाली तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा. २०१८ मध्ये परत तेच म्हणाले, वर टेप जपून ठेवा असंही. २०२० मध्ये बॅरेटबाईंची सुनावणी ज्या समितीत झाली तिचे अध्यक्ष कोण होते? लोकांनी टेप जपली होती हो. काहीही फरक पडला नाही.

तर मला "कोण जास्त वाईट" यात रस नाही, त्याचे शंभर धागे आहेत. ज्याला जो पक्ष जवळचा वाटतो त्याने त्याच पक्षाचं असं एक उदाहरण द्यावं जे बघून त्याला स्वतःलाच लाज वाटली. अट एकच, "पण त्यांनी आधी" हे तीन शब्द वापरायचे नाहीत.

रेड_स्टेट_रावसाहेब
अट वाचली, पाळता येणार नाही, आधीच माफी मागतो. अहो ताई तुमची गोष्ट २०१६ ला सुरू होते तिथेच गडबड आहे. २५ जून १९९२ ला सिनेटमध्ये उभं राहून कोण म्हणालं होतं की आता निवडणूक तोंडावर आलीये, बुशसाहेबांनी नोव्हेंबरपर्यंत सुप्रीम कोर्टासाठी नाव देऊ नये? जो बायडन, तेव्हाचे न्याय समितीचे अध्यक्ष. २००७ मध्ये धाकट्या बुशचं जवळजवळ दीड वर्ष बाकी असताना डेमोक्रॅट सिनेटर चक शूमर काय म्हणाले, अगदीच अपवाद सोडला तर सुप्रीम कोर्टासाठी यांचा एकही जज पास करू नका. आणि ओबामांनी स्वतः सिनेटर असताना २००६ मध्ये धाकट्या बुशच्या अलिटोंविरुद्ध फिलिबस्टरला (चर्चा लांबवून मतदानच होऊ न देणं) मत दिलं होतं, दहा वर्षांनी गार्लंडच्या वेळी व्हाइट हाउसला सांगावं लागलं की त्याचा त्यांना पश्चात्ताप होतोय. पश्चात्ताप बरोब्बर आपल्या गरजेच्या वेळी होतो हे विशेष.

आणि गिन्सबर्गबाई. २०१६ मध्ये मुलाखतीत म्हणाल्या की शेवटच्या वर्षात अध्यक्ष अध्यक्ष राहत नाही असं घटनेत कुठे लिहिलंय. २०२० मध्ये जाताना नातीला सांगून गेल्या की नवा अध्यक्ष येईपर्यंत माझी जागा भरू नये हीच इच्छा. बाईंबद्दल आदर आहे, मोठ्या होत्या, पण मग एकट्या ग्रॅहमचीच टेप का वाजवायची?

जाई_जुई
रावसाहेब, एका पोस्टमध्ये "त्यांनी आधी" चार वेळा :D

बायडन १९९२ मध्ये बोलले हे खरं. पण तेव्हा जागा रिकामी नव्हती, नाव आलेलं नव्हतं, ते नुसतं भाषण होतं. भाषण आणि प्रत्यक्ष २९३ दिवस एकाच तागडीत कसे टाकता? आणि डेमोक्रॅट बहुमताच्या सिनेटने रेगनच्या अँथनी केनेडींना फेब्रुवारी १९८८ मध्ये ९७-० ने पास केलं. १९८८ हे कसलं वर्ष होतं? निवडणुकीचंच ना? तेव्हा कुणी जनतेला विचारायला गेलं नव्हतं.

शिवाय मॅकॉनेलना तत्त्वबित्त्व काही नव्हतंच. मे २०१९ मध्ये केंटकीतल्या पडूकाला कुणीतरी विचारलं की पुढच्या वर्षी जागा रिकामी झाली तर? साहेब चहाचा घोट घेऊन हसून म्हणाले, भरू की. निदान खोटं तरी बोलले नाहीत.

हिशेबनीस
दोघांनाही थोडं थोडं.

जाई_जुई, केनेडींचं नाव नोव्हेंबर १९८७ मध्ये आलं होतं आणि ती जागा त्याच्याही आधी रिकामी झालेली, म्हणून रिपब्लिकन म्हणतात की ते उदाहरण धरायचं नाही. हा बारकावा त्यांनी २०१६ मध्ये शोधला हा भाग वेगळा. पुढे २०२० मध्ये अजून एक बारकावा आला, अध्यक्ष आणि सिनेट एकाच पक्षाचे असतील तर नियम लागू होत नाही. २०१६ च्या पहिल्या दिवसाच्या निवेदनात हे कलम नव्हतं, तिथे फक्त जनता होती.

रावसाहेब, आणि त्या शनिवारच्या दुसऱ्या दादांनाही, बोर्कना पूर्ण सुनावणी मिळाली, सभागृहात मतदान मिळालं आणि ४२-५८ ने हरले, त्यात सहा रिपब्लिकन विरोधात होते. डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडींनी नाव जाहीर झाल्याच्या दिवशीच जे भाषण ठोकलं ते भडक होतं, बोर्कच्या अमेरिकेत बायकांना गल्लीबोळात गर्भपात करावे लागतील वगैरे, ते आजही वाचवत नाही. पण हरवणं वेगळं आणि दारच न उघडणं वेगळं.

फिलिबस्टरचा हिशेब तर तोंडपाठ करण्यासारखा आहे. २००५ मध्ये रिपब्लिकनांकडे बहुमत, ते म्हणतात साध्या बहुमताने मतदान झालंच पाहिजे नाहीतर न्यूक्लिअर ऑप्शन (नियम बदलून फिलिबस्टरच काढून टाकणं) वापरू, आणि डेमोक्रॅट म्हणतात लोकशाही मेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅटांकडे बहुमत, हॅरी रीड ५२-४८ ने तेच बटण दाबतात (सुप्रीम कोर्ट सोडून), आता लोकशाही मेली म्हणायची पाळी रिपब्लिकनांची. मॅकॉनेल तेव्हा म्हणाले होते, पस्तावाल, आणि वाटतंय त्यापेक्षा लवकर पस्तावाल. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनीच सुप्रीम कोर्टासाठीही ते बटण दाबलं आणि ट्रम्पचे गॉर्सच ५४-४५ ने आत. माणसं तीच, भाषणं तीच, फक्त बाकं बदलली. चार दिवस सासूचे म्हणतात ते हेच.

नुसताच_वाचक
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खवचट_आजोबा
पॉपकॉर्न बाजूला ठेवा, दात खराब होतील. मी चाळीस वर्षं पुण्यात वकिली केली आणि निवृत्तीनंतर नातवंडांकडे जाऊन राहतो तेव्हा या सुनावण्या सीरियलसारख्या बघतो, त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे.

पहिली गोष्ट. अमेरिकेच्या घटनेत "सिनेटचा सल्ला आणि संमती" एवढंच आहे. सुनावणी घ्या, किती दिवसांत घ्या, निवडणुकीच्या वर्षात घ्या की नको, यातलं काहीही लिहिलेलं नाही. पहिली जाहीर सुनावणी झाली ती १९१६ मध्ये लुई ब्रँडाइस यांच्या नावावर, ते कोर्टावरचे पहिले ज्यू, चार महिने घोळ चालला आणि शेवटी ४७-२२ ने पास झाले. ते स्वतः समितीपुढे आलेही नव्हते, तेव्हा तशी पद्धतच नव्हती. (आणि हो, १९१६ हेही निवडणुकीचंच वर्ष.) म्हणजे ज्याला आज सगळे पवित्र परंपरा म्हणतात ती सगळी मागाहून चिकटवलेली आहे. लिखित नियम नसला की ज्याच्या हाती ससा तो पारधी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचं वेगळं काही नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त गमतीची वाटते, ती म्हणजे उत्तर न देण्याची कला. बोर्क हा शेवटचा माणूस ज्याने विचारलेल्या प्रश्नाचं मनापासून उत्तर दिलं, पाच दिवस तासन् तास, आणि पडला. त्यातून सगळ्यांनी धडा घेतला. १९९३ मध्ये गिन्सबर्गबाईंनी सूत्रच करून टाकलं, पुढे कोर्टात येऊ शकतील अशा प्रश्नांवर इशारा नाही, भाकीत नाही, झलक नाही. ९६-३ ने पास झाल्या. तेव्हापासून जो येतो तो हे सूत्र म्हणतो. बॅरेटबाईंनी तर २०२० मध्ये त्यांच्याच खुर्चीसाठी बसून त्यांचंच सूत्र म्हटलं. आता मजा बघा, आपला उमेदवार गप्प बसला की ती न्यायाधीशाची मर्यादा, दुसऱ्याचा गप्प बसला की तो लपवतोय. बॅरेटबाईंनी समोरची कोरी वही उचलून दाखवली की बघा मी एकही टिपण आणलेलं नाही, रिपब्लिकनांना ती विद्वत्ता वाटली आणि माझ्या सुनेला ती कोरी वही हेच त्यांचं उत्तर वाटलं.

आणि एलेना केगन! १९९५ मध्ये प्राध्यापक असताना लेख लिहिला की या सुनावण्या म्हणजे पोकळ सोंग आहे, उमेदवारांना खरे प्रश्न विचारून खरी उत्तरं घेतली पाहिजेत. २०१० मध्ये त्याच खुर्चीवर बसल्या. लेखाची आठवण करून दिली तर हसून म्हणाल्या की तेव्हा जरा जास्तच बोलून गेले. ६३-३७. कोर्टात साक्षीदार असा उलटला असता तर आम्ही त्याला सोलून काढला असता, इथे सगळे हसले.

पेरू_आणि_मीठ
मी इथे फारसं लिहीत नाही पण यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही सगळे फिलिबस्टर आणि तारखांवर बोलताय, माझ्यासाठी दुटप्पीपणा म्हणजे अनिता हिल (सुप्रीम कोर्टाचे उमेदवार क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या) आणि क्रिस्टीन ब्लेसी फोर्ड (कॅव्हनॉवर लैंगिक अत्याचाराचा आरोप करणाऱ्या).

१९९१ मध्ये हिल बाई समितीपुढे बसल्या तेव्हा समोर चौदा पुरुष, सगळे गोरे. अध्यक्ष बायडन, म्हणजे डेमोक्रॅट. तेव्हा सिनेट डेमोक्रॅटांच्या हातात होतं, त्यांनी ठरवलं असतं तर थॉमस पडले असते, पण ५२-४८ ने पास झाले आणि त्या ५२ मध्ये अकरा डेमोक्रॅट होते. त्याच पक्षाने २०१८ मध्ये "बायकांवर विश्वास ठेवा" म्हटलं. मला ते म्हणणं पटलं होतं, आजही पटतं. २७ सप्टेंबरला फोर्ड बाई बोलत होत्या तेव्हा मी ऑफिसच्या पँट्रीत उभी राहून मोबाइलवर बघत होते आणि हातातला चहा तसाच गार झाला. त्यानंतर कॅव्हनॉ आले, रडले, चिडले, सगळं नाकारलं. ग्रॅहम ओरडले. त्यांच्या जागी एखादी बाई तेवढी चिडली असती तर काय म्हटलं असतं याचा विचार करा फक्त.

आणि मग २०२० मध्ये टारा रीडने बायडनवर आरोप केला. बायडननी नाकारला. मला खरं काय माहीत नाही, मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा की २०१८ मध्ये जे लोक म्हणत होते की पुराव्याची मागणी करणं हाच अपमान आहे, ते आठवडाभरात पुरावा, तारखा, विसंगती मोजायला बसले, आणि जे २०१८ मध्ये "इतकी वर्षं गप्प का होती" विचारत होते ते अचानक स्त्रीवादी झाले. दोन्हीकडच्या माझ्या मैत्रिणी. व्हॉट्सॲपवर दोघींचे जुने मेसेज आहेत माझ्याकडे. काढून दाखवले नाहीत, मैत्री राहू दे म्हटलं.

बाकी थॉमसविरुद्ध मत देणारे दोनच रिपब्लिकन होते, त्यातले एक बॉब पॅकवूड. त्यांच्यावर पुढे अनेक बायकांनी आरोप केले आणि १९९५ मध्ये त्यांना सिनेट सोडावं लागलं. आता यावर काय बोलायचं!

रेड_स्टेट_रावसाहेब
पेरू ताई, नीट लिहिलंत. एकच भर घालतो, फोर्डबाईंचं पत्र जुलैअखेर फाइनस्टाइनबाईंकडे (समितीतल्या डेमोक्रॅटांच्या प्रमुख) होतं आणि बाहेर आलं ते सप्टेंबरमध्ये, सुनावणी संपल्यावर. नाव गुप्त ठेवायची विनंती होती हे मान्य, पण समितीतल्या सहकाऱ्यांनाही सांगितलं नाही. यामुळेच आमच्याकडच्या लोकांना तो डाव वाटला आणि मग ती बाई काय सांगतेय ते ऐकणंच बंद झालं. तोटा कुणाचा झाला, तिचाच.

हिशेबनीस
कॅव्हनॉच्या मतदानातली एक गोष्ट, वाद नाही, सहज. ६ ऑक्टोबर २०१८ ला आकडा ५०-४८ होता. मोंटानाचे स्टीव्ह डेन्स मुलीच्या लग्नाला गेले होते आणि लिसा मरकॉव्स्की विरोधात होत्या, तर त्यांनी "हजर" एवढंच नोंदवलं म्हणजे डेन्सना लग्न सोडून यावं लागू नये, दोघांची मतं एकमेकांत वळती. एवढ्या राड्यात कुणीतरी कुणाच्या मुलीच्या लग्नाचा विचार केला.

नुसताच_वाचक
हे सगळं वाचून आपलं कॉलेजियम (न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायची पद्धत) बरं वाटायला लागलं. सुनावणीच नाही म्हटल्यावर तमाशा कुठून होणार.

खवचट_आजोबा
बरं? अहो तिथे निदान टीव्हीवर भांडतात. आपल्याकडे बंद खोलीत ठरतं, २०१५ मध्ये नियुक्ती आयोगाचा कायदा ४-१ ने रद्द झाला तेव्हापासून तर प्रश्नच मिटला. आणि दुटप्पीपणा आपल्याकडे कमी आहे का? २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासाठी आरती साठे यांचं नाव आलं, त्या आधी भाजपच्या प्रवक्त्या होत्या म्हणून महाराष्ट्रातल्या विरोधकांनी गदारोळ केला. लगेच समोरून बहरुल इस्लाम निघाले, जे काँग्रेसचे राज्यसभा खासदार, मग उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मग सुप्रीम कोर्ट, मग परत काँग्रेसचे उमेदवार. दोन्ही बाजूंना एकाच वेळी इतिहास आठवला. इकडे सुनावणी असती तर साठेबाईंना आणि सरकारला दोघांनाही चार प्रश्न समोरासमोर विचारता आले असते एवढंच म्हणतो.

संपादक_चमू
कॉलेजियमवर वेगळा धागा आहे, पुढची चर्चा तिकडे करावी. इथले पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

कोकमसार
धन्यवाद मंडळी. अट कुणीच पाळली नाही (पेरू सोडून, तिने दोघांनाही धुतलं) तर मीच माझ्याकडून सुरुवात करते. मी डेमोक्रॅटांना मत देते, लपवत नाही.

२०१७ मध्ये बॅरेटबाई सर्किट कोर्टासाठी (म्हणजे फेडरल अपील कोर्ट) आल्या तेव्हा फाइनस्टाइन त्यांना म्हणाल्या की तुमच्यात धर्ममत फार जोरात बोलतं. सात मुलांची आई, कॅथलिक प्राध्यापक बाई शांतपणे बसली होती. मला तेव्हा काही खटकलं नाही, उलट बरं झालं विचारलं असं वाटलं. मग डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या न्यू जर्सीचे अदील मांगी सुनावणीला आले. तिसऱ्या सर्किटसाठी, पास झाले असते तर फेडरल अपील कोर्टातले पहिले मुस्लिम जज. रटगर्स लॉ स्कूलच्या एका केंद्राच्या सल्लागार मंडळावर होते म्हणून टेड क्रूझ आणि बाकीचे रिपब्लिकन त्यांना हमासबद्दल, ९/११ बद्दल विचारत बसले. माझी मुलगी रटगर्सला आहे, मी ते बघून इतकी भडकले! दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना अचानक फाइनस्टाइन आठवल्या आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

पुढचं तर अजून वाईट. मांगींना फक्त रिपब्लिकनांनी नाही पाडलं, मॅनचिन, कॉर्टेझ मास्टो, रोझन हे आमच्याच बाजूचे तीन जण फुटले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या नेत्यांनी खालच्या कोर्टाच्या जजच्या बदल्यात अपील कोर्टाची चार नावं सोडून दिली, त्यात हे एक. ती जागा शेवटी कुणाला मिळाली? ट्रम्पचे माजी वकील एमिल बोव्ह, जुलै २०२५, ५०-४९. समितीत मतदान झालं तेव्हा डेमोक्रॅट उठून निघून गेले. ती खुर्ची आधी स्वतःच रिकामी सोडली होती हे कुणी बोललं नाही.

जाई_जुई
ओके. मीपण. मिगेल एस्ट्राडा. होंडुरासहून किशोरवयात आलेला मुलगा, बुशने २००१ मध्ये डीसी सर्किटसाठी नाव दिलं, आमच्या लोकांनी दोन वर्षांहून जास्त लटकवलं, सात वेळा चर्चा बंद करायचा प्रयत्न पाडला, २००३ मध्ये त्याने कंटाळून नाव मागे घेतलं. कारण सांगितलं की उत्तरं देत नाही. उत्तरं कोण देतं, वर आजोबांनी लिहिलंच आहे. खरं कारण हे की पुढे सुप्रीम कोर्टात पहिला लॅटिनो म्हणून बुशने त्यालाच नेला असता. आणि त्याच एस्ट्राडाने २०१० मध्ये केगनसाठी शिफारसपत्र लिहिलं, कॉलेजची ओळख. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप वेळ काही सुचलं नाही.

रेड_स्टेट_रावसाहेब
बरं घ्या. मार्च २०२२, बायडनच्या सुप्रीम कोर्टाच्या उमेदवार केटांजी ब्राउन जॅक्सन. ग्रॅहमनी त्यांना विचारलं की तुम्ही किती धार्मिक आहात, एक ते दहामध्ये आकडा सांगा. मग म्हणाले मी मुद्दाम विचारलं, बॅरेटबाईंना कसं वाटलं असेल ते कळावं म्हणून. म्हणजे एकीचा अपमान झाला त्याचा हिशेब दुसरीकडून. याच माणसाने जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी जॅक्सनबाईंना डीसी सर्किटसाठी मत दिलं होतं, नऊ महिन्यांत बाई बदलल्या नव्हत्या. ओबामांच्या सोटोमायोर आणि केगनलाही यानेच मत दिलं होतं, अध्यक्षाला त्याचा जज मिळाला पाहिजे म्हणून, तेव्हा मला हा माणूस आवडायचा. जॅक्सनना मात्र विरोध, त्या तरी ५३-४७ ने पास झाल्या. आमच्या टेक्सासचे क्रूझ त्या सुनावणीत मुलांचं चित्रांचं पुस्तक हातात धरून प्रश्न विचारत होते, घरी टीव्ही चालू होता, मुलगा म्हणाला बाबा हे खरंच सिनेटर आहेत का. मी चॅनल बदललं. पण

कोकमसार
रावसाहेब "पण"वर थांबलात हे फार बरं केलंत, तिथेच राहू द्या. या शनिवारी जेवण त्या दुसऱ्या दादांकडे आहे. मी कोशिंबीर नेतेय.

नुसताच_वाचक
दोन्ही दादांना या धाग्याची लिंक पाठवा की.

कोकमसार
पाठवली होती. एकाने अर्धीच वाचली, रावसाहेबांच्या पहिल्या पोस्टपर्यंत, आणि अंगठा दाखवला. दुसऱ्याने जाई_जुईच्या पहिल्या पोस्टपर्यंत.